अजाणता घडलं, तरी आपलंच

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर माउंट व्हर्नन नावाचं गाव आहे. तिथल्या एका चर्चच्या सभागृहात ‘स्कॅजिट व्हॅली कोराल’ या हौशी गायकवृंदाची दर मंगळवारी संध्याकाळी तालीम असे. सभासद १२२. त्यांतले ६१ जण १० मार्च २०२०च्या तालमीला आले. निम्म्यांचं वय सत्तरीला टेकलेलं किंवा त्याही पुढचं. अडीच तासांची तालीम झाली, मधल्या सुट्टीत बिस्किटं आणि संत्री खाल्ली गेली, शेवटी ज्यानं त्यानं आपापली खुर्ची उचलून जागेवर रचून ठेवली आणि मंडळी घरी गेली. त्यांच्यातल्या एका व्यक्तीला तीन दिवसांपासून सर्दीसारखं वाटत होतं. पुढे तिच्यासकट ५३ जण आजारी पडले. ३३ जणांची चाचणी पॉझिटिव्ह आली, उरलेल्या वीस जणांची लक्षणं कोविडचीच होती. तिघांना इस्पितळात न्यावं लागलं आणि दोघे दगावले. साथीच्या पहिल्या दिवसांतली ही घटना रोगशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ चर्चिली. तिच्यातला नीतीचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. निव्वळ आनंदासाठी जमलेल्या माणसांकडून, कुणाच्या मनात काही वाईट नसताना, दोघांचा जीव गेला. याचं उत्तरदायित्व कुणावर येतं? आणि येत असेल तर ते पार कसं पाडायचं?

झटकन सुचणारं उत्तर म्हणजे, कुणावरच नाही. मुद्दाम कुणी काही केलं नाही आणि ठाऊक कुणाला काही नव्हतं. या उत्तरात बरंच तथ्य आहे. मागाहून पाहणाऱ्याला त्या संध्याकाळची माणसं बेफिकीर वाटतात, पण ती तशी नव्हती. तालीम घ्यावी की नको यावर वृंदाच्या चालकांनी विचार केला होता. दारात सॅनिटायझर ठेवलं होतं. एरवीच्या गळाभेटी आणि हस्तांदोलनं त्या दिवशी टाळली होती. तेव्हा जे सांगितलं जात होतं, म्हणजे हात धुवा, स्पर्श टाळा, खोकणाऱ्यापासून दूर राहा, त्या सगळ्याची काळजी घेतली गेली होती. ज्याची काळजी घ्यायची हे कुणी सांगितलंच नव्हतं, ते म्हणजे बंद खोलीतली हवा. खुर्च्यांमध्ये जेमतेम वीतभर अंतर, पोटातून ओढलेला खोल श्वास आणि तितक्याच जोरानं बाहेर सोडलेला सूर. या तालमीनंतर अठरा दिवसांनी, २८ मार्चला, जागतिक आरोग्य संघटना हा विषाणू हवेतून पसरत नाही असं जाहीरपणे सांगत होती. जगातल्या सर्वोच्च आरोग्यसंस्थेला जे उमगलं नव्हतं, ते हौशी गायकांना उमगायला हवं होतं, असं म्हणता येणार नाही.

यावर आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. अमेरिकेतला पहिला ज्ञात रुग्ण जानेवारीत शेजारच्याच स्नोहोमिश काउंटीत सापडला होता. सिअ‍ॅटलजवळच्या एका वृद्धसेवा केंद्रात फेब्रुवारीच्या अखेरीपासून माणसं मरत होती. वृंदातले निम्मे सभासद त्या दिवशी आलेच नव्हते, म्हणजे काहींना तरी धोका जाणवला असेल. शिवाय मंडळी जमली होती कशासाठी? परिचारिका कामावर गेली किंवा दूधवाला दूध घालायला गेला तर ती गरज म्हणता येते. गाणं थोडं थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? या आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे. हौस पुढे ढकलता येते, म्हणून धोका कळल्यावर ती थांबवण्याचं बंधन पोटापाण्याच्या कामापेक्षा जास्त कडक असतं. पण हे बंधन कळल्यानंतर लागू होतं. आणि ‘नुसती हौस’ म्हणताना आपण ती फार स्वस्तात काढतो. उतारवयात, जोडीदार गेल्यावर किंवा मुलं दूर गेल्यावर, आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी आपली वाट पाहणारी माणसं असणं, चार सुरांतला एक सूर आपल्यावाचून अडणं, ही चैन नव्हे. भजनी मंडळात टाळ धरून बसणाऱ्या आपल्याकडच्या ज्येष्ठांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. भीतीच्या दिवसांत तर ही ओढ आणखी वाढते. काळजी वाटते म्हणूनच माणसं एकमेकांकडे जातात. या आजाराची खरी क्रूरता अशी की त्यानं धीर देण्याची हीच वाट पकडली.

मग उद्देश शुद्ध होता, तेव्हा विषय संपला का? भारतीय विचारात या प्रश्नावर जुना आणि चुरशीचा वाद आहे. बौद्ध परंपरेनं कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे संकल्पात पाहिलं. जैनांच्या सूत्रकृतांगात या भूमिकेची कठोर थट्टा येते: भोपळा समजून कुणी मुलाला भाल्यानं भोसकलं तर तुमच्या मते तो निर्दोष, आणि मूल समजून भोपळा भोसकला तर मात्र खुनी! थट्टा एकांगी असली तरी तिच्यातला रोख खरा आहे. ज्याचा जीव गेला त्याच्या दृष्टीनं मारणाऱ्याचा उद्देश हा फार दुय्यम मुद्दा असतो. पण जैन विचारही नुसत्या परिणामावर थांबत नाही. तत्त्वार्थसूत्रानं हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आणला, म्हणजे असावधपण. जपून चालणाऱ्याच्या पायाखाली जीव सापडला तर त्याची गणना वेगळी, धसमुसळेपणानं चालणाऱ्याची वेगळी. या कसोटीवर माउंट व्हर्ननचे गायक प्रमादी ठरत नाहीत, कारण त्या दिवशीच्या ज्ञानात जेवढं जपता येत होतं तेवढं ते बहुतांशी जपले होते. तरीही कुणी त्यांना ‘तुमचा काही दोष नाही’ एवढंच म्हणून मोकळं केलं तर काहीतरी उरतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली याच उरलेल्या भागाकडे बोट दाखवलं. काही चूक नसताना ज्याच्या ट्रकखाली मूल आलं त्या चालकाला आपण धीर देतो, द्यायलाच हवा. पण तो चालक लगेच धीर मानून चहाला निघून गेला तर आपण चपापतो. दोष नसला तरी जे घडलं ते त्याच्या हातून घडलं, आणि हे नातं त्याला झटकता येत नाही.

या नात्याचं करायचं काय, याचं सर्वात स्पष्ट उत्तर मला वाल्मीकींच्या अयोध्याकांडात दिसतं. ज्याला आपण श्रावणबाळ म्हणतो त्या मुलाची कथा मराठी घरांत मातृपितृभक्तीची म्हणून सांगितली जाते. पण ती खरं पाहता दशरथाची कथा आहे. अंधारात घागर बुडल्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला, त्यानं बाण सोडला आणि माणूस मेला. तिथे त्याच्याशिवाय पाहणारं कुणी नव्हतं. परत फिरला असता तर अयोध्येत कुणाला पत्ता लागला नसता. तो मात्र पाण्याचा घडा घेऊन त्या आंधळ्या आईबापांकडे जातो आणि मी कोण, काय केलं, कसं घडलं, हे स्वतःच्या तोंडानं सांगतो. तेव्हा म्हातारा मुनी म्हणतो की तू हे आपणहून सांगितलं नसतंस तर तुझ्या मस्तकाच्या चिंधड्या झाल्या असत्या. नेणता केलंस म्हणून वाचलास. या दोन गोष्टी कथेत एकत्र येतात: नेणतेपणानं शिक्षा हलकी होते, आणि सांगण्यानं माणूस वाचतो. पुत्रशोकाचा शाप मात्र टळत नाही. दोष आणि बांधिलकी यांचा असा वेगवेगळा हिशोब आधुनिक नीतिशास्त्रालाही सहजासहजी जमलेला नाही.

गायकवृंदानं हेच सांगणं केलं. आजारी पडत असल्याचं सभासद एकमेकांना कळवू लागले, आणि १७ मार्चला वृंदातल्याच एका व्यक्तीनं काउंटीच्या आरोग्य विभागाला ही गोष्ट कळवली. विभागानं सभासदांची यादी मागितली, ती मिळाली, आणि १२२ जणांना फोन करून विचारपूस झाली. कोण कुठे बसलं, कोण कुठल्या खोलीत गेलं, कुणी काय खाल्लं, कुणाला कधी लक्षणं दिसली. अंथरुणाला खिळलेल्या आणि आपल्यातली माणसं गमावलेल्या लोकांनी हे सगळं आठवून सांगितलं. मे महिन्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं त्यावरचा अहवाल छापला. पुढे हवेच्या अभ्यासकांनी त्याच संध्याकाळची दारं, हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था, गाण्याचे तास यांचं गणित मांडलं आणि संसर्ग मुख्यतः श्वासातल्या सूक्ष्म कणांनी झाला असावा असा निष्कर्ष काढला. खिडक्या उघडा, बंद जागेत गर्दी करू नका, हे पुढे जगभर सांगितलं गेलं, त्याच्या पुराव्यात या तालमीचा वाटा मोठा आहे.

हे सांगणं शक्य झालं, कारण कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जात नव्हतं. अहवालानं बसण्याचा नकाशा छापला नाही, रुग्णांचं खासगीपण जपायचं म्हणून. काय घडलं ते सगळं सांगितलं, कुणामुळे ते नाही. उलट वाट कशी असते हे आपण भारतात त्याच मार्चमध्ये पाहिलं. दिल्लीतल्या तबलिगी मेळाव्यानंतर एका समाजाकडे बोट दाखवलं गेलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला ऑगस्ट २०२०मध्ये परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं म्हणावं लागलं. आजार लपवायला लावण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. बोट उगारलेलं दिसलं की कुठला दशरथ घडा घेऊन झोपडीकडे जाईल?

शेवटचा आक्षेप सर्वात जड आहे. सांगण्यानं काय होतं? दोन माणसं गेली ती गेली. हे खरं आहे, आणि त्यांच्या घरच्यांनी क्षमा करावी अशी अपेक्षाही कुणी ठेवू नये. मुनीनंही केली नव्हती. शिवाय सांगण्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. सर्दी झालेली ती व्यक्ती इतर साठ जणांपेक्षा अधिक निष्काळजी नव्हती, तरी तिच्या वाट्याला आलेलं ओझं त्यांच्याहून कितीतरी मोठं, निव्वळ योगायोगानं. इथे हौशी मंडळाला असं काही करता येतं जे एकट्या दशरथाला करता आलं नसतं. तिथे कुणी कुणाला जबरदस्तीनं आणलेलं नसतं. सगळे आपल्या आवडीनं येतात, एकाच हवेत श्वास घेतात. त्यामुळे घडलेली गोष्ट ‘तिच्यामुळे’ असं न म्हणता ‘आम्ही जमलो होतो’ असं म्हणून सांगणं त्यांना खोटेपणा न करता शक्य असतं. त्या ‘आम्ही’मध्ये ती व्यक्तीही येते, आजारातून उठलेले येतात, आणि गेलेले ते दोघेही येतात, कारण तेही त्या मंगळवारी गायलाच आले होते.