तिसऱ्या माणसाचं काय?

‘सिटिझन केन’बद्दल बोलताना सगळे ‘रोझबड’पाशी येऊन थांबतात. मरताना केन हा शब्द उच्चारतो, एक पत्रकार त्याचा अर्थ शोधत फिरतो, वगैरे. मला या सिनेमात खुपतं ते वेगळंच आहे.

१९४१मध्ये तो आला तेव्हा ऑर्सन वेल्स जेमतेम २५-२६ वर्षांचा. वृत्तपत्रसम्राट केन म्हणजे विल्यम रँडॉल्फ हर्स्ट, हे कुणाला सांगावं लागलं नाही. हर्स्टनं आपल्या पेपरांत सिनेमाचं नावही येऊ दिलं नाही. निगेटिव्ह जाळून टाकता यावी म्हणून एमजीएमच्या लुई मेयरनं आरकेओ स्टुडिओला आठ लाखांवर डॉलर देऊ केले. आरकेओ बधलं नाही. एकीकडे धनदांडगा, दुसरीकडे तरुण कलावंत; आपण अर्थातच कलावंताच्या बाजूने.

पण यात तिसरं माणूस होतं. मॅरियन डेव्हिस, हर्स्टची जोडीदार आणि नटी. सिनेमातल्या केनच्या दुसऱ्या बायकोला, सुझनला, गाता येत नाही. केन तिच्यासाठी ऑपेरा हाउस बांधतो, तिचं हसं होतं. मग झानाडूच्या अवाढव्य दालनात ती जिगसॉ जुळवत बसते आणि शेवटी त्याला सोडून जाते. केन म्हणजे हर्स्ट, तर सुझन म्हणजे मॅरियन, असं गणित लोकांनी मांडलं.

जिगसॉचा नाद मॅरियनलाही होता म्हणतात. बाकी फारसं जुळत नाही. ती झकास विनोदी अभिनेत्री होती. (१९२८चा ‘शो पीपल’ बघा, मूकपट म्हणून टाळू नका.) हर्स्टला मात्र ती भारी पोशाखातल्या गंभीर भूमिकांत हवी असायची. आणि सोडून जाणं? तो कर्जात बुडाला तेव्हा तिनं स्वतःची मालमत्ता विकून त्याला दहा लाख डॉलर दिले. १९५१मध्ये तो वारला तोवर ती सोबत होती.

सुझन म्हणजे मॅरियन नव्हे, हे वेल्सनं तिच्या आठवणींच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलं. पुस्तक आलं १९७५मध्ये. मॅरियन १९६१मध्येच गेली होती.

हर्स्टवर हल्ला करण्याचा वेल्सला पूर्ण हक्क होता. हर्स्टकडे उलट मारायला पेपर होते, मॅरियनकडे काय होतं? पात्र काल्पनिक आहे, हा बचाव मला पटत नाही. हर्स्ट ओळखू यावा अशी सोय तूच केलीस ना, मग लोक शेजारच्या बाईलाही ‘ओळखणार’, ही जबाबदारी तुझीच.

गंमत म्हणजे सुझन वाईट लिहिलेली नाही. केनची कीव येते असं पत्रकार म्हणतो, तेव्हा आपल्यालाही ती येते हे तिच्या उत्तरातून कळतं. तिथे ती सगळ्यांत माणूस वाटते. सपाट विनोदी पात्र असती तर लोक तिला विसरले असते. ती इतकी जिवंत झाली की मॅरियनला जागाच उरली नाही. सिनेमा मी अजूनही आवडीनं बघते. पण ‘शो पीपल’ लावला की त्या मुक्या पडद्यावर मला आधी सुझनचा चिरका आवाज ऐकू येतो, आणि मग मॅरियन दिसते.