ओळखीची खूण



माऊली, आपल्या आदिलाबादकडं दहावीच्या मेमोवर ओळखीच्या खुणा लिहितात. कुणाचा तीळ, कुणाचा व्रण. कुणी बैलगाडीवरून पडलेला, कुणाचं बोट विळ्यानं कापलेलं. लग्नकार्यात बसलो की हसत सांगतो, "आई कापूस वेचायला गेली अन् मी हात घातला चुलीत!" सगळे हसतात. आई तेवढी उठून आत जाते.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. काका नामात दंग, चिखल तुडवताना तान्हं बाळ पायाखाली आलं. आपण काकांच्या भक्तीवर डोलतो. पण संतीबाई कुठं होती? पाणी आणायला गेली होती. घरासाठीच ना? पुढं पांडुरंगानं लेकरू परत दिलं. तोवर तिनं काय सोसलं, हे कुणी विचारत नाही. कीर्तनकारही तिथं जरा घाईच करतात.

तुमचा व्रण कधीच भरला. तिचा आपण दर लग्नात उकरतो. "माझंच लक्ष नव्हतं" हे ती ३०-३० वर्षं मनात धरून बसलेली असते. आज तो भाजलेला हात तिच्या हातात द्या अन् म्हणा, "आई, आता दुखत नाही गं."