मुंगी, सूर्य आणि वितळलेली घड्याळं

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते, तेव्हा जिल्ह्यातला तिचा पहिला मुक्काम नातेपुत्याला पडतो. या वाटेवर वाढलेल्या मुलांना मुक्ताबाईच्या अभंगातली सूर्य गिळणारी मुंगी परकी नसते. कीर्तना-भारुडातली अशी कूटं इथली निरक्षर माणसंही पिढ्यान्‌पिढ्या न बिचकता ऐकत आली आहेत. तरीही त्याच मुलांपुढे साल्वादोर दालीचं चित्र ठेवलं, की ‘हे आपल्याला कळायचं नाही’ असं म्हणून ती मागे सरतात. मुलांची कल्पनाशक्ती तोकडी पडते, असं मला वाटत नाही. चित्राचा अर्थ कुठेतरी तयार असतो आणि तो सरांनी सांगायचा असतो, ही सवय आपण त्यांना लावली आहे. अतिवास्तववादी चित्रापुढे नेमकी तीच आड येते.

दालीचं 1931 सालचं ‘स्मृतीचं सातत्य’ हे चित्र जेमतेम 24 बाय 33 सेंटिमीटरचं, म्हणजे वहीच्या पानापेक्षा फार मोठं नाही. ‘घड्याळ म्हणजे काळ, तो वितळतो आहे’ एवढं सांगितलं, की पोरं ते लिहून घेतात आणि पाहणं थांबवतात. त्याऐवजी आधी मोजायला सांगावं. घड्याळं चार आहेत. तीन लुळी पडली आहेत. चौथं नारिंगी, मिटलेलं, टणक, आणि मुंग्या लागल्या आहेत त्या याच टणक घड्याळाला. मागचे समुद्रकाठचे कडे तर जराही वितळलेले नाहीत, लख्ख उन्हात कोरल्यासारखे उभे आहेत. मग मऊ काय झालं आणि काय झालं नाही? हा प्रश्न चित्रातूनच उठतो, आणि तो पडल्यावर इतिहास सांगावा. पहिल्या महायुद्धात, 1916 साली, आंद्रे ब्रेतों हा वैद्यकाचा तरुण विद्यार्थी मनानं कोलमडलेल्या सैनिकांच्या रुग्णालयात काम करत होता. त्यांची स्वप्नं आणि असंबद्ध बोलणं त्यानं फ्रॉइडच्या विचारांच्या आधारे ऐकलं. 1924 च्या त्याच्या अतिवास्तववादाच्या जाहीरनाम्यामागे हा अनुभव आहे. तो वगळला, तर सगळी चळवळ लहरीपणाची वाटेल.

यावर कुणी म्हणेल, भारुडाचं उदाहरण इथे लागू नाही, कारण कीर्तनकार शेवटी कूट उकलून दाखवतो. हा आक्षेप खरा आहे. भारुड आपल्याला अशक्य प्रतिमेसमोर ठाम उभं राहायला शिकवतं, पण उकलीची अपेक्षाही ठेवायला लावतं. चित्रापुढे पहिलं घ्यावं, दुसरं सोडावं. आपल्या वस्तूंना प्रतीकांचे ठरीव अर्थ चिकटवलेले अतिवास्तववादी चित्रकार रने माग्रितला रुचत नसत. मग कुणी काहीही अर्थ लावावा का? मुळीच नाही. मुंग्या म्हणजे कष्ट, असं एखादी मुलगी म्हणाली, तर तिला विचारावं: मग त्या फक्त टणक घड्याळावरच का? उत्तर चित्रात बोट ठेवून देता आलं पाहिजे. ही शिस्त तयार अर्थ पाठ करण्याहून कितीतरी कडक आहे.

या पाहण्यासाठी पॅरिसला जायला नको. नागावला 1936 साली जन्मलेल्या प्रभाकर बरव्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, फळ अशा रोजच्या वस्तू मोकळ्या, जवळजवळ रिकाम्या अवकाशात एकमेकींपासून अंतर राखून असतात. त्यांना अतिवास्तववादी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तिथे स्वप्नाच्या भोवऱ्यापेक्षा शांत, जागं चिंतन अधिक आहे. पण वस्तू नेहमीच्या जागेवरून हलली की ती पहिल्यांदाच दिसते, हे त्यांच्याइतकं स्वच्छ मराठीत कुणी दाखवलेलं नाही, आणि ‘कोरा कॅनव्हास’ या त्यांच्या पुस्तकात ही विचारप्रक्रिया विद्यार्थ्याला थेट वाचता येते.

राहिला परीक्षेचा मुद्दा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या गुणांसाठी धडपडणाऱ्या ग्रामीण मुलांना आधी वस्तुचित्र नीट येऊ द्या, असं कलाशिक्षक म्हणतात, आणि त्यांची काळजी रास्त आहे. मात्र दालीची घड्याळं अस्वस्थ करतात, ती हुबेहूब रंगवली आहेत म्हणूनच. छायाप्रकाश चुकला असता, तर वितळणं कुणाला खरं वाटलं नसतं. वस्तुचित्राचा सराव झाल्यावर तोच तांब्या नदीच्या पात्रात माणसाहून मोठा काढायला सांगावा, सावली मात्र अचूक हवी. मग वर्गानं एकमेकांची चित्रं वाचावीत, आणि काढणाऱ्यानं तोवर गप्प बसावं.