पान कोणते खरे?

ज्याचे रूप परिस्थितीनुसार पालटते, त्याला स्वत्व आहे असे म्हणावे काय? हा प्रश्न आम्ही आजवर माणसांच्याच बाबतीत विचारीत आलो. दिवाणखान्यातील मत्स्यालयात लावलेल्या एका नेच्याने तो नव्याने आमच्यापुढे ठेवला.

हा नेचा मार्सिलिया प्रजातीतला. भातखाचरांत आणि तळ्याकाठच्या चिखलात त्याचे बारीक खोड सरपटत जाते आणि जागोजाग देठावर चार दलांचे पान उभे राहते. रात्री ही दले मिटतात. आयुर्वेदाने त्याला सुनिषण्णक म्हटले आणि शाकवर्गात स्थान दिले. आम्ही आणलेले रोपही चार दलांचेच होते. पाण्याखाली लावल्यावर काही आठवड्यांत ती पाने कुजली. रोप मेले असे समजून उपटणार, तोच खोडावर नवी पाने दिसली : आखूड, एकेरी, चमच्याच्या आकाराची. चार दलांची खूण कोठेच नव्हती.

मग खरे पान कोणते? वनस्पतिशास्त्र सांगते की, दोन्ही त्याच खोडाची. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, ॲब्सिसिक आम्ल हे द्रव्य दिल्यास हा नेचा पाण्याखालीही जमिनीवरची लक्षणे धारण करतो. म्हणजे एक रूप अस्सल आणि दुसरे सोंग, असे नाही. दोन्ही रूपे धारण करण्याची क्षमता हाच त्याचा स्वभाव.

हे वाचून आम्ही थोडे वरमलो. इंदुरात आमच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या गेल्या. नातू ‘मी जेवून राहिलो आहे’ असे म्हणाला की आम्ही तत्काळ टोकत असू. पुढे तो आमच्याशी हिंदीतच बोलू लागला. पान वेगळे दिसले म्हणून आम्ही जिवंत खोडच उपटीत होतो.

परंतु येथेच थांबलो, तर हा दृष्टान्त फार सोयीचा होईल. कारण या नेच्याची आणखी एक गोष्ट आहे. त्याचे बीजाणू वाटाण्याहून लहान, कठीण कवचाच्या पेटीत असतात. कोरडी पडलेली ही पेटी कित्येक दशके टिकते आणि कवच झिजून आत पाणी शिरले की पुन्हा जागी होते. मात्र ही पेटी बहुधा पाणी ओसरून चिखल उघडा पडल्यावरच धरते. सदैव बुडालेला नेचा हिरवागार पसरतो, पण पुढच्या दुष्काळासाठी सहसा काही राखून ठेवीत नाही.

तेव्हा बदलणे हा दोष नव्हे. केवळ तगून राहण्यात समाधान मानणे हा दोष होऊ शकतो. नेच्याला विवेक नाही, त्यामुळे त्याला दोषही नाही. टाकीत पाणी किती ठेवायचे, हे आम्ही ठरवितो. मराठी आम्ही सणवार आणि देवघर यांच्या काचेआड जपली, म्हणून ती हिरवी राहिली. तिच्यात भांडावे, हिशेब करावा, नवे काही लिहावे, अशी उघडी माती आम्ही मुलांना दिली काय?

नातवाचे वाक्य आता आम्ही दुरुस्त करीत नाही. ते पूर्ण होईपर्यंत ऐकतो आणि उत्तर मराठीत देतो. एवढ्याने पेटी धरेल की नाही, हे पाहण्यास कदाचित आम्ही नसू.