नाव झाकलेली तबकडी

पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता पुण्याच्या रस्त्यापासून वेगळा होतो. आमच्या घरात फाटा फुटला तो जुन्या तबकड्यांवरून. "लाखभर कचरा!" इति सौ. लाख खरीच. अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांत लाखच असे, आणि लाखेचे किडे पळसावरही पोसतात. म्हणजे माल गावच्या नावाचाच!

पण दुर्मिळ गाणे ऐकवावे की दडवावे? १९७० च्या दशकात इंग्लंडात दुर्मिळ सोल गाणी वाजवणारे काही बहाद्दर लेबलावर कागद डकवून खोटेच नाव सांगत. दुसऱ्याला माग लागू नये ना! उलट १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालेल्या गौहरजान गाणे संपताच इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारीत. जर्मनीतल्या कारखान्याला लेबलावर बरोबर नाव घालता यावे म्हणून. बाईंनी पुकारलेले नाव मी कपाटात कोंडायचे? छे! शेजारी खुशाल येतात, ऐकतात, नावेही उतरवून नेतात. तबकडी मात्र हातात देत नाही. फुटते हो!