उरलेली किंमत

स्वस्त वस्तू विकत घेतली म्हणजे आपण काय वाचवतो? पैसे, असे कोणीही सांगेल. मला हे उत्तर अर्धेच वाटते. वस्तू स्वस्त होते, ती बहुधा तिच्यात काहीतरी करावयाचे राहिलेले असते म्हणून. खुर्चीवर शेवटचा रंधा फिरलेला नसतो, वहाणेचे कातडे पुरते मऊ केलेले नसते. हे राहिलेले काम नाहीसे होत नाही. ते वस्तूबरोबर आपल्या घरी येते आणि कोणीतरी ते पुरे करील म्हणून वाट पाहत बसते. नवी वहाण चावते, तेव्हा उरलेली किंमत आपली टाच भरत असते.

या विचाराला निमित्त झाली ती शिकारीची रायफल. दिवाळीच्या फराळाबरोबर बंदुकीची गोष्ट वाढणे काहींना रुचणार नाही. शिवाय १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातील दुरुस्ती यांमुळे आपल्या देशात हौसेची शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले असे मी मानतो. परंतु माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. तेथे दरवर्षी १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम सुरू होतो. माणसे परवाना काढून रानात जातात आणि ते मांस घरी खातात. शेजाऱ्यांच्या संगतीने त्यानेही एक स्वस्तातली रायफल घेतली. आमच्या शाळेच्या एनसीसीत बोल्टच्या रायफलीवर त्याने पहिली गोळी झाडली होती, म्हणून त्याने मलाच विचारले, "सर, बोल्ट फार खरखरतो. वाळूचा कागद लावून घासून टाकू का?"

ज्यांनी बोल्ट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोल्ट म्हणजे नळीच्या मागचे दार आणि त्या दाराचा अडसर, दोन्ही एकच. दांडी वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलली की नवे आत जाते. खाली दाबली की अडसर लागतो. बोल्टच्या टोकाशी पोलादाचे जाड कान असतात, ते आतल्या खाचांत फिरून अडकतात. पॉल माऊझर या जर्मन कारागिराने १८९८ च्या सैनिकी रायफलीत ही रचना अशी बसवली, की आजही बहुतेक शिकारी रायफली तिच्याच वळणावर जातात. तीस-शून्य-सहा हे तिकडचे प्रसिद्ध काडतूस उडते तेव्हा आत चौरस इंचाला साठ हजार पौंडांपर्यंत दाब निर्माण होतो. तो दाब हे कान झेलतात, आणि त्यांच्या मागे वीतभर अंतरावर नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

महाग रायफलीत बोल्टची वाट घासूनपुसून दिलेली असते. स्वस्त रायफलीत यंत्राच्या पात्याचे ओरखडे तसेच ठेवतात; पैसे वाचतात ते येथे. दांडी उचलताना हात जड होतो त्याचे कारण निराळे. काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सळईची स्प्रिंग त्या उचलण्यानेच दाबली जाते.

ही खरखर केवळ हाताच्या सुखाची बाब असती तर मी एवढे लिहिलेच नसते. पहिली गोळी वर्मी लागली नाही, तर दुसरी क्षणाचाही विलंब न लावता सुटली पाहिजे. बोल्ट मध्येच अडला, तर पोटात गोळी घेऊन हरीण झाडीत शिरते आणि तासन्‌तास तडफडत मरते. म्हणजे येथे उरलेली किंमत टाच भरत नाही, एक मुका जीव भरतो. शिकार करावी की नाही याबद्दल माझे व माझ्या विद्यार्थ्याचे मत निराळे आहे. परंतु शिकार करणाऱ्याने ही किंमत आपल्या पदरची भरली पाहिजे, याविषयी आमच्यात दुमत नाही.

मग घासून टाकावे का? मी त्याला नको म्हणून कळवले. वाटेवरचे ओरखडे आणि कानांचे टेकण्याचे पृष्ठभाग हाताला सारखेच खरखरीत वाटतील, पण त्यांचा धर्म एक नव्हे. कान वेडेवाकडे घासले गेले की अडसर सैल होतो, आणि एकाच कानावर सारा भार पडतो. जुन्या माऊझर रायफलींत तर कठीण पोलादाची पातळ सालच वरून असते. ती गेली की आत मऊ लोखंड. दांडी हलकी व्हावी म्हणून स्प्रिंग कापणारेही असतात. त्यांच्या सळईचा आघात दुबळा पडतो आणि ऐन वेळी काडतूस उडत नाही.

मऊपणा म्हणजे बळकटी नव्हे, हे अमेरिकेच्या सैन्यालाही कळले. १८९२ साली त्यांनी नॉर्वेची क्राग-यॉर्गेनसेन रायफल घेतली. तिचा बोल्ट लोण्यासारखा चालतो, असे शिकारी आजही वाखाणतात. परंतु त्याला अडसराचा कान एकच होता. अधिक दाबाचे काडतूस त्याला झेपेना. १९०३ मध्ये माऊझरच्या धर्तीची स्प्रिंगफील्ड तिच्या जागी आली.

तेव्हा मी त्याला लिहिले: रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहा. कारखान्यातले चिकट तेल पुसून काढ. कानांच्या मागे किंचित ग्रीस लाव, वाटेवर तेलाचा पातळ हात फिरव. तिकडच्या थंडीत दाट वंगण गोठते. मग खोटी काडतुसे घालून रोज संध्याकाळी पन्नास वेळा बोल्ट चालव, आणि महिनाभर चालव. पोलादाला पोलादच घासू दे. एवढे करूनही अडला, तर जाणत्या कारागिराकडे ने. महिनाभरात बोल्ट थोडा सुधारेल, आणि तुझा हात त्याहून अधिक सुधारेल.

आपल्या आजीच्या घरात जाते असे. वर्षानुवर्षे फिरून ते गुळगुळीत झाले, की टाकी लावणाऱ्याला बोलावीत. तो छिन्नीने दगडाला पुन्हा खरखरीत करी, कारण गुळगुळीत जात्यात दाणा दळला जात नाही. त्याच जात्याचा खुंटा मात्र हातांनी झिजून तुळतुळीत झालेला असे, आणि त्याला कोणी टाकी लावीत नसे. कोठे खरखर हवी व कोठे नको, हे त्या घरातल्या बायका पुस्तकावाचून जाणत होत्या.

शाळेत मला हेच दिसते. चार महिन्यांत मुलगा 'गुळगुळीत' करून द्या, असे सांगणारे पालक येतात. मुलाचा आळस, अडखळणे, धसमुसळेपणा हे वाटेवरचे ओरखडे आहेत. ते सरावाने, मायेच्या तेलाने जातात. पण खोटे बोलायला नकार देणारा त्याचा हट्ट, अन्याय दिसला की उसळणारा स्वभाव, हे त्याचे कान आहेत. उद्या आयुष्याचा दाब तेच झेलणार आहेत. आपल्या हाताला टोचतात एवढ्यासाठी ते घासून टाकण्याचा अधिकार आई-बापांना नाही आणि मास्तरांना तर नाहीच.