काज आणि भोक



आमच्या धाराशिव जिल्ह्यात घरी शिलाई मशीन असते ते बहुधा साधे, सरळ टाक्याचे. त्यावर झंपर-परकर शिवतात. झंपराला हूक लागतात, म्हणून काजाचे अडत नाही. अडते ते मुलाच्या शर्टाला, आणि मग तो तालुक्याच्या गावी काज-बटणवाल्याकडे द्यावा लागतो. शेजारच्या सोलापुरात गणवेशांचा मोठा उद्योग आहे. तिथले यंत्र पापणी लवते न लवते तोच काज शिवून, चिरून मोकळे होते.

मागे आमच्या एका भगिनीने मुलाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी पांढरा शर्ट घरीच शिवला. तिच्या मशीनला झिगझॅग होता, पण काज आपोआप होण्याची सोय नव्हती. आम्ही घरभेटीला गेलो तेव्हा तेच काम चालू होते आणि चहा निवेपर्यंत आम्ही बघत राहिलो. तिने बटण मोजले, सुमारे ११ मिलिमीटर. त्यात बटणाची जाडी मिळवून पेन्सिलीने रेघ आखली. पट्टीच्या आत बकरम होतेच. रेघेच्या एका बाजूने अरुंद, दाट झिगझॅग नेला. सुई कापडात ठेवून कापड फिरवले, टाका रुंद करून टोकाला पाच-सहा टाके जागच्या जागी घेतले. मग टाका अरुंद करून दुसरी बाजू, आणि शेवटी दुसरे टोक. हे सारे तिने आधी चिंधीवर, बकरमासकट, करून पाहिले होते. मग टोकाशी आडवी टाचणी लावली, म्हणजे ब्लेड घसरले तरी टोकाचे टाके तुटत नाहीत. आणि मधोमध चिरले.

चुकलेला टाका उसवून पुन्हा घालता येतो. चिरलेले कापड पुन्हा अखंड होत नाही, आणि हे चिरणे येते शर्ट जवळजवळ पुरा झाल्यावर!

तीच जागा खिळ्याला अडकून फाटली असती तर आपण त्याला भोक म्हटले असते. मग काज आणि भोक यांत फरक कोणता? कापड तर दोन्हीकडे नाहीच. संत थॉमस अक्वायनस सांगतात की प्रत्येक अभाव वाईट नसतो. जे असायला हवे ते नसणे, हे वाईट. दगडाला दिसत नाही, म्हणून कोणी त्याला आंधळा म्हणत नाही. काजाच्या जागी कापड नसणेच योग्य, कारण तेथून बटण जायचे आहे.

पण एवढ्याने भागत नाही. बटणासाठीच, अगदी सरळ चिरले, पण कड शिवली नाही, तर दोन धुण्यांत त्याचे भोक होते. हेतू कडेला धरून ठेवत नाही. आणि आपण तर किती सहज म्हणतो, ‘माझा हेतू चांगला होता, मी खरे तेच बोललो.’

आम्हीही म्हटले आहे. काही वर्षांपूर्वी मिस्सानंतर सर्वांसमोर आम्ही एका वडीलधाऱ्या वाचकाला, वाचन तयार न करता आल्याबद्दल बोललो. बोललो ते खरे होते. त्यांच्या घरी आजारपण होते, ते आम्ही विचारले नव्हते. बटण न मोजताच ब्लेड चालवले म्हणा ना. संत मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की बंधू चुकला तर आधी त्याला एकांतात गाठ. हे वचन आम्ही कितीदा समजावून सांगितले आहे!

कोणी म्हणेल, हाताने काज करणारे जुने शिंपी आधी चिरतात आणि मागाहून कड गुंफतात. मग आधी शिवण्याचा एवढा आग्रह कशाला? खरे आहे. प्रसंगी कठोर शब्द आधी बोलावा लागतो; आई मुलाला विस्तवापासून ओढते तेव्हा एकांत शोधत नाही. पण तो शिंपी चिरल्यावर कापड खाली ठेवून जेवायला जात नाही. आम्ही गेलो होतो.

तीन आठवड्यांनी त्यांच्या घरी गेलो. क्षमा मागितली. त्यांनी चहा केला, पावसाचे बोलले, आमच्या आईची चौकशी केली. ते दर रविवारी येतात, त्याच बाकावर बसतात. वाचकांची यादी करताना आम्ही दर महिन्याला त्यांना विचारतो. ‘पुढच्या वेळी बघू, फादर,’ असे म्हणतात.